दोन रंगांचे बलक

उभा जन्म मी पिठाची गिरणी चालवली. दळायचं काम दगड करतात, त्याला माणूस लागत नाही. माणूस लागतो तो दळण होईपर्यंत बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला रमवायला. डबा घेऊन आलेला माणूस एकदा बाकावर टेकला की त्याचे कान माझ्या मालकीचे. एकदा एकाच्या दळणात त्याचं घड्याळ पडलं होतं, ते मी इतक्या हळुवार हाताने दळलं की पुढे महिनाभर त्या घरातली पोळी ठरल्या वेळेला आपोआप फुगायची. एकदा वावटळ दारातून आत आली, तिला मी वरच्या तोंडातून घातली आणि खालून झुळूक करून सोडली. उन्हाळ्यात लोक ती झुळूक घ्यायला येऊन बसत. ही सगळी कामं मी एकट्याने, बाह्या सरसावून केली, हे वेगळं सांगायला नको.

त्यातलं खरं एवढंच, की माझं पीठ बारीक होतं. दोन बोटांत घेतलं तर आहे की नाही कळू नये इतकं. गल्लीत मला नावाने कुणी हाक मारत नसे, 'बारीकवाले' म्हणत, आणि ते माझ्या अंगकाठीवरून नव्हे हे मला लांबून पाहिलेल्यालाही समजेल.

माझी बायको याच्या अगदी दुसऱ्या टोकाची. तिला वाटेत कुणी 'कशा आहात' म्हणून विचारलं, तर ती क्षणभर थांबते, विचार करते आणि खरोखर कशी आहे ते सांगते. त्यामुळे घाईत असलेले लोक तिला ते विचारत नाहीत. अंडं कालचं असेल तर गिऱ्हाइकाने हात पुढे करायच्या आत 'हे कालचं आहे' म्हणून मोकळी होते. आमचा संसार कसा टिकला असं लोक विचारतात. मी म्हणतो, दोघांच्या बोलण्याची सरासरी काढली तर ती इतर जोडप्यांइतकीच भरते.

कोंबड्या तिच्या. घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये तिने त्या वाढवल्या, आणि माझी गिरणी होती तोवर त्यांना पोसायचा प्रश्न कधी आला नाही. गिरणीतली कणी, कोंडा, जमिनीवर सांडलेले दाणे, सगळं मागच्या दाराने थेट शेडमध्ये. गिरणी बंद झाली आणि खुराक बाजारातून पोत्याने आणायची पाळी आली. बाजारचं पोतं महाग आणि त्यात तांदळाची कणीच जास्त, म्हणून तिच्या अंड्यांचे बलक फिकट पडायला लागले. बाजारापलीकडच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला तिचं मोठं गिऱ्हाईक. तो केक करायचा आणि काचेमागे मांडायचा. बलक फिकट म्हणजे केक फिकट, आणि फिकट केक काचेमागे शिळा दिसतो, अशी त्याची तक्रार. बाजाराच्या चौकात मोठ्या फार्मचा ट्रक येतो, त्याची अंडी स्वस्त आहेत, असंही तो अधूनमधून हवेत सोडून द्यायचा.

अशात एका कोंबडीचा पाय सुजला म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. पाय बघून झाला, हात धुतले, आणि त्या शेडमागच्या शेवग्याकडे बघत उभ्या राहिल्या. हे झाड कुणी लावलं ते आम्हाला ठाऊक नाही. तोडावं तितकं वाढायचं. त्याला सकाळी शिडी लावून वर चढलं तर उतरताना शिडी एक पायरी कमी पडते, असं मी लोकांना सांगत असे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं मोठं कोठार दारात उभं असताना तुम्ही पोती कशाला वाहता? मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. शेवग्याचा पाला काढायचा, तो उन्हात नाही, सावलीत वाळवायचा, कारण ऊन त्याचा रंग आणि सत्त्व दोन्ही ओढून घेतं. वाळला की कुटायचा आणि खुराकात थोडाथोडा मिसळायचा. फार घातला तर कोंबड्या खायच्या कमी होतील, थोडा घातला तर अंगी लागेल आणि बलकाला रंग चढेल.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात दोन माणसं आणि एक झाड राहायला लागलं. सावली म्हणजे आमच्याकडे घरच. बाजेवर पाला, कपाटावर पाला, जुन्या चादरींवर पसरून सगळ्या खोल्यांत पाला. शेवग्याचं पान नखाएवढं. वाऱ्याची झुळूक आली की ते उठून नवीन जागा बघायचं. चष्म्याच्या घरात पान, उशीच्या खोळीत पान. एकदा मी शिंकलो तर नाकातून फांदी बाहेर आली. बायको म्हणाली, पान असेल. तिला एका पानाची फांदी झालेली खपत नाही.

वाळलेला पाला बघितला आणि माझे हात शिवशिवले. गिरणी विकली होती तरी एक लहान यंत्र मी घरी ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई 'कुटा' म्हणाल्या होत्या. कुटणं हे ज्याला दळता येत नाही त्याचं काम. मी दगडाला टाकीने धार लावली, पाला घातला, चाळला, पुन्हा घातला, पुन्हा चाळला. शेवटी जी भुकटी निघाली तिला पीठ म्हणणं तिचा अपमान होता. हिरवा धूर होता तो. डब्याचं झाकण उघडलं की पहिल्यांदा थोडा उडून जायचा आणि मग उरलेला दिसायचा. बायकोनेही चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि 'छान झालंय' म्हणाली. तिचं 'छान' म्हणजे गल्लीतल्या इतरांची दहा कौतुकं.

रंग चढायला थोडे दिवस गेले. मग एका सकाळी तिने स्वयंपाकघरात अंडं फोडलं आणि मला हाक मारली. बलक केशरी, आणि बोटाने ढकललं तरी पसरत नव्हता. आणखी दोन फोडली, तीही तशीच. ती त्याच पावली बेकरीत गेली आणि बेकरीवाल्याला सांगून आली, की यापुढे आमचं प्रत्येक अंडं या रंगाचं येईल. प्रत्येक, असं म्हणाली. बेकरीवाल्याने लगेच मान डोलावली, कारण तिचं 'प्रत्येक' म्हणजे काय ते त्याला माहीत होतं.

आता शेडमधली कामाची वाटणी सांगायला हवी. बायकोचा उजवा खांदा आखडलेला, हात डोक्याच्या वर जात नाही. म्हणून अंडी घालायच्या खोक्यांपैकी खालची खोकी ती बघायची आणि भिंतीला वर ठोकलेली मी. घरात खायला लागतील ती अंडी ती तिच्या हाताशी असतील त्यांतून उचलायची. बाकीची सगळी ट्रेमध्ये भरून, सायकलला बांधून, मी बेकरीत पोचवायचो. वाट बाजाराच्या चौकातून जायची.

एके दिवशी ट्रे टेकवला तर बेकरीवाल्याने मला थांबायला सांगितलं आणि एका पोरीला पाठवून बायकोला बोलावून घेतलं. ती आल्यावर त्याने भांडं पुढे ओढलं आणि अंडी एकेक करून फोडली. एक केशरी, एक केशरी, एक पांढुरका पिवळा, एक केशरी, दोन पांढुरके. शेजारी दोन केक ठेवले होते. एक पिवळाधमक, दुसरा नुकता आजारातून उठल्यासारखा. बेकरीवाला वाईट माणूस नाही. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असतं, त्यामुळे तो रागावला तरी म्हातारा आणि प्रेमळ दिसतो. त्या दिवशी तो रागावलेलाही नव्हता, अवघडलेला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "ही अंडी एका घरची नाहीत."

बायकोने भांड्यात पाहिलं. मग म्हणाली की सगळी माझ्याच कोंबड्यांची आहेत. तो म्हणाला, तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. आणि 'तुमच्यावर' म्हणताना त्याची नजर माझ्या सायकलकडे गेली. त्याने आयुष्यभर माझ्या गिरणीच्या बाकावर बसून माझ्या बाता ऐकल्या होत्या, घड्याळाची आणि वावटळीची दोन्ही. त्याला दोष तरी काय द्यायचा. हा घोळ निस्तरेपर्यंत ट्रे पाठवू नका, एवढंच तो म्हणाला, आणि नाही निस्तरला तर त्याला ट्रकवाल्याशी बोलावं लागेल.

घरी आल्यावर तिने चप्पल न काढता शेड गाठलं. खालच्या खोक्यांतली अंडी आपल्या हाताने काढली, ओट्यावर ओळीने मांडली आणि एकेक फोडली. सगळी केशरी. एकही फिकट नाही. ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत उभी होती. मला तेव्हा बरंच वाटलं, की बघ, आपली अंडी चांगली आहेत. आपली अंडी चांगली असणं म्हणजेच मी वाईट असणं, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"पडलात का?" तिने विचारलं.

"कुठे?"

"सायकलवरून. चौकात गर्दी असते. पडला असाल, काही फुटली असतील, आणि ट्रे रिकामा दिसू नये म्हणून ट्रकवरची घेतली असतील. तसं असेल तर सांगून टाका. मी काही बोलणार नाही."

ती खरंच काही बोलली नसती. तिने ते मनात आधीच माफ करून, घडी घालून ठेवलं होतं, मी फक्त हात पुढे करून घ्यायचा होता. आणि गंमत बघा, त्या क्षणी माझ्या जिभेवर एक फर्मास अपघात तयार होता. आडवं आलेलं कुत्रं, निसटलेला ब्रेक, हवेत उडालेली अंडी आणि त्यातली निम्मी मी एका हाताने झेललेली. ते सांगितलं असतं तर तिने मान हलवली असती, वर मलमही लावलं असतं, आणि घर पहिल्यासारखं झालं असतं. खोटं बोललो असतो तर तिथल्या तिथे सुटलो असतो.

"मी पडलो नाही," मी म्हणालो.

खरं बोलताना माणूस हातांचं काय करतो तेही मला माहीत नव्हतं. ते मांडीवर नुसते पडून राहिले. वाक्य एवढंसंच झालं, त्याला पुढे काही जोडावंसं वाटेना, आणि माझ्या तोंडचं इतकं आखूड वाक्य तिने कधी ऐकलं नसल्यामुळे ते तिला जास्तच संशयास्पद वाटलं असणार.

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

तिच्या त्या 'बरं'मध्ये विश्वास नव्हता, अविश्वासही नव्हता. दार लोटून घेतलेलं असतं, कडी लावलेली नसते, तसं काहीतरी. तिने मला वाढलं, माझी गोळी काढून दिली, उशीतलं पान काढलं. सगळं नेहमीसारखं केलं, फक्त मी काही सांगू लागलो की ती मध्येच उठून कामाला लागायची. पूर्वीही ती माझ्या बाता खऱ्या मानत नसे, पण बसून ऐकत असे. बाता खोट्या आहेत हे आमच्या दोघांत ठरलेलं होतं, आणि मी खोटा नाही हेही ठरलेलंच होतं. त्यातलं दुसरं आता ठरलेलं राहिलं नव्हतं.

मी घरात बसेनासा झालो. जाणार कुठे, तर शेडमध्ये. पत्र्याच्या लांब पन्हळीत कोंबड्यांचा खुराक घातलेला असायचा, तिथे उलट्या बादलीवर बसून राहायचो. मनात एकच हिशेब चालू. बायको खोटं बोलत नाही. मी, या वेळेपुरता, खोटं बोलत नाही. बेकरीवाला कशाला बोलेल? म्हणजे उरल्या कोंबड्या.

आमच्या शेडमध्ये एक दांडगी कोंबडी होती, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. तुरा एका बाजूला पडलेला आणि चालणं असं की लग्नघरात सगळं आपल्यालाच विचारून व्हावं. आणि एक होती पाहुणी. ती मागाहून आणलेली, म्हणून तिचं नाव पाहुणी पडलं, आणि इतके दिवस झाले तरी बिचारीला त्या घरात कुणी आपलं म्हणेना. मानेवरची पिसं इतरांनी उपटलेली, चालायची ती भिंतीच्या कडेकडेने.

खुराक घातला की आत्याबाई पहिली. तिच्याबरोबर तिच्या तोलाच्या चारदोन. बाकीच्या मागे रांगेत, कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. हे मी रोज बघत आलो होतो, पण कोंबडी कशी खाते हे मी त्या दिवसापर्यंत नीट बघितलंच नव्हतं. आत्याबाई मान वाकडी करायची, एका डोळ्याने न्याहाळायची आणि टोच मारायची. दाणा. पुन्हा मान वाकडी. दाणा. मधे भुकटी आली की चोच दोन्ही बाजूंना झटकायची. कोंबडीला चोच असते, तिला चिमटीत धरता येईल असं काहीतरी लागतं. माझ्या हिरव्या धुराला ती कुठे धरणार? वर टोचाटोच चालली की पन्हळ हादरायची, आणि जरा हादरली की भुकटी दाण्यांच्या फटींतून खाली, तळाशी. दांडग्या दाणे वेचून, पोट भरून, मातीत लोळायला निघून गेल्या. मग मधल्या आल्या. सगळ्यांत शेवटी, पन्हळ जवळजवळ रिकामी झाल्यावर, पाहुणी आली आणि तळ खरवडून खायला लागली. तिने मान वर केली तेव्हा तिची चोच डोळ्यांपर्यंत हिरवी होती.

मी आत्याबाईची चोच बघितली. धुतल्यासारखी स्वच्छ.

मग मला खोकी आठवली. वरची खोकी उबदार, कोरडी, आणि ती अर्थातच दांडग्यांची. पाहुणी आणि तिच्यासारख्या दबलेल्या सगळ्या खाली, जमिनीलगत, जिथे माझ्या बायकोचा हात पोचतो. मी वरून आत्याबाईच्या बुडाखालचं ऊनऊन अंडं काढलं, खालून पाहुणीचं काढलं, आणि तिथेच दोन वाट्या आणून दोन्ही फोडली. एक पांढुरकं, एक केशरी. मी त्या दोन वाट्यांसमोर बसलो. आयुष्यभर ज्या बारीक दळणाची फुशारकी मिरवली, त्यानेच मला चोर ठरवलं होतं. कुटा म्हटलं होतं बाईंनी. नुसतं कुटलं असतं तर पानाचे तुकडे राहिले असते, आणि आत्याबाईनेही ते निमूट खाल्ले असते.

धावत सांगायला जावं म्हणून उठलो आणि पुन्हा बसलो. मी काय सांगणार होतो? की जी कोंबडी मार खाते, जिला शेवटी उरलेला गाळ मिळतो, तिच्याच अंड्यात सोनं असतं, आणि जी सगळ्यांना ढकलून पहिली जेवते तिचं अंडं फिकं. ही हुबेहूब माझीच बात होती. गिरणीच्या बाकावर मी असलीच रचून सांगत आलो होतो. खरं निघालं आणि तेही माझे कपडे घालून.

तरी सांगितलं. दोन्ही वाट्या ओट्यावर ठेवल्या आणि जसं बघितलं तसं, काही न लावता, सांगितलं. सांगताना मधेमधे मला आत्याबाईच्या तोंडी एखादं वाक्य घालायचा फार मोह झाला. घातलं नाही. बायको भांडी घासत होती, तिने पाणी बंद केलं नाही. माझं संपल्यावर तिने वाट्यांकडे पाहिलं.

"वरच्या खोक्यात तुमचाच हात जातो," ती म्हणाली.

हे तिला म्हणायचा हक्क होता. मी मागे एकदा बदकाचं अंडं वर ठेवून, कोंबडीने केवढं घातलं बघा म्हणून, अख्खी गल्ली गोळा केली होती. गल्लीबरोबर तीही आली होती. मी म्हटलं, मग चल, माझा हात लावत नाही. पन्हळीजवळ बस आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.

तिने नळ बंद केला. हात पुसत म्हणाली, "एकदा तपासलं. ती अंडी ओळीने मांडून फोडली, आणि फोडताना मला कळत होतं मी काय तपासतेय ते. नवऱ्याला परत तपासायला मी येणार नाही."

ती आत गेली. वाट्या तशाच राहिल्या, त्यांवर माशी बसली, तेव्हा मी त्या विसळल्या.

सकाळी शेडमध्ये गेलो तर ती माझ्याआधी तिथे. समोर खुराकाची पाटी, त्यात भुकटी घातलेली, आणि ती त्यावर पाणी शिंपडून दोन्ही हातांनी दाणे चोळत होती. कोपरापर्यंत हिरवी झाली होती. ओल्या दाण्याला भुकटी चिकटून बसत होती. दाणा खायचा तर हिरवा खावा लागणार, आत्याबाई असो नाहीतर कुणी असो.

मी उभा राहिलो. खोकलो. विचारलं, की हे काय.

"भुकटी खाली बसते म्हणालात ना, मग चिकटवायला नको?"

"म्हणजे पटलं तुला?"

ती चोळत राहिली. म्हणाली, "तुमच्या आजवरच्या सगळ्या गोष्टींत तुम्ही काही ना काही पराक्रम करता. घड्याळ दळता, वावटळ धरता. या गोष्टीत तुम्ही नुसते बादलीवर बसलेले आहात. वर चूकही तुमचीच. एवढी पडेल गोष्ट तुम्ही रचणार नाही."

मला असा पुरावा उभ्या जन्मात सुचला नसता.

पण बेकरीवाल्याला काय सांगायचं? ओला खुराक आज दिला तरी बलकात रंग सारखा उतरायला दिवस जाणार, आणि तो तर ट्रकवाल्याशी बोलायच्या बेतात. आम्ही दोघं गेलो. दुकानात पाव घ्यायला दोनतीन लोक होते, त्यांत शिंपीही होता, माझ्या बाकावरचा जुना श्रोता. बायकोने सांगायला सुरुवात केली. तिला गोष्ट सांगता येत नाही. तिने पन्हळीची लांबी आधी सांगितली, मग खोक्यांची उंची, मग कोंबड्यांकडे वळली. माझा जीव तडफडत होता, पण तोंड उघडलं नाही. दांडग्या दाणे खातात आणि गरीब भुकटी खातात, इथवर ती आली, तेव्हा शिंपी हसायला लागला. म्हणाला, वहिनी, हे कापड बारीकवाल्यांच्या ठाणातलं दिसतंय. इतरही हसले. बेकरीवाला हसला नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्याकडे वळला.

"वहिनी, हे तुम्ही बघितलंत, की यांनी तुम्हाला सांगितलं?"

ती थांबली. कुणी काही विचारलं की ती थांबतेच, खरं काय आहे ते आत बघून येते. मी त्या थांबण्याला ओळखतो. मला वाटलं आता ती म्हणेल, यांनी सांगितलं. तसंच होतं. ती कधी बघायला आलीच नव्हती. नवऱ्यावर माझा विश्वास आहे म्हणेल, तो मान डोलावेल आणि ट्रकवाल्याकडे जाईल, आणि त्यात कुणाचंच काही चुकलेलं नसेल.

"बघितलं," ती म्हणाली. "मी स्वतः, पन्हळीजवळ बसून."

शिंप्याचं हसू तिथेच विरलं. तिच्या तोंडून आलेल्या वाक्यावर कसं हसायचं हे कुणाला माहीत नव्हतं, आजवर तशी वेळच आली नव्हती. बेकरीवाल्याने हात फडक्याला पुसले. म्हणाला, तुम्ही बघितलंय तर प्रश्नच मिटला, रंग सारखा होईपर्यंत थांबतो मी. शिंप्याला त्याने पाव दिला आणि 'भुकटी नाही घातली हो यात' म्हणाला, तेव्हा मात्र सगळे पुन्हा हसले. त्या हसण्यात ती नव्हती. ती पायरी उतरून चालू लागली होती.

घरापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. खोटं बोलणं मला किती सोपं, ते मी जाणतो. रोज उधळावं तितकं माझ्याकडे असतं. तिच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं, जे होतं ते सगळं खरेपणाचं होतं, आयुष्यभर जपून ठेवलेलं, आणि त्यातून तिने माझ्यासाठी काढून दिलं होतं. ते आभार मानून परत करता येण्यासारखं नव्हतं. बलक पुढे सारखे झाले, ते व्हायचेच होते. डॉक्टरीणबाईंनी ओला खुराक उरला तर आंबेल, तेव्हा लागेल तेवढाच भिजवा असंही बजावलं, आणि पुढचा पाला मी कुटला, तोही जाडाभरडा. पण ते सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याची बादली घेऊन शेडमध्ये शिरलो, तर तिने माझा हात धरला.

"आज कोरडंच घाला," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, आता कुठे सुरुवात केलीय, एक दिवस मोडेल. मोडू दे, म्हणाली. मी पन्हळीत कोरडा खुराक ओतला, वर भुकटी घातली. तिने दुसरी बादली उलटी केली, पन्हळीजवळ ओढली आणि तिच्यावर बसली. आत्याबाई आली, मान वाकडी केली, दाणा वेचला, चोच झटकली. उडालेली भुकटी बायकोच्या बाहीवर पडली, ती तिने झाडली नाही. दांडग्या जेवून गेल्या. मधल्या आल्या, गेल्या. मला दोनदा वाटलं तिला सांगावं, हे बघ, आता बघ, पण ती बघतच होती. बेकरीत बोललेलं वाक्य खरं करायला ती बसली आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मग मी दारातच उभा राहिलो, आत गेलो नाही.

शेवटी भिंतीच्या कडेने पाहुणी आली. तिने तळ खरवडला आणि हिरवी चोच वर करून बायकोकडे पाहिलं. बायकोनेही तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"हं," ती म्हणाली, "आणा आता पाणी."